गळलेला पाला, काटक्या, शेंगा: कुंडीत आणि वाफ्यात वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडाखाली पडलेलं जवळजवळ सगळं बागेत वापरता येतं. ठरवायचं एवढंच की कोणती वस्तू कुठे आणि कोणत्या अवस्थेत वापरायची. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. न कुजलेला पाला मातीच्या वर राहू द्यावा, आत मिसळू नये. आणि वाफ्याचे नियम कुंडीला लावू नयेत. कुंडीत माती मोजकी असते, खालच्या जमिनीतून गांडुळं वर येत नाहीत आणि जास्तीचं पाणी जायला तळाच्या भोकाशिवाय वाट नसते.

गळलेला पाला हेच खत आहे ना? मग वेगळं खत कशाला घालायचं?

पाला म्हणजे पूर्ण खत नव्हे. पान गाळण्याआधी झाड त्यातलं कामाचं बरंच काही परत ओढून घेतं. हरितद्रव्य मोडतं, पान पिवळं पडतं, नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचा साधारण निम्मा वाटा फांदीकडे परत जातो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा नाजूक थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. खाली पडतो तो मुख्यतः कर्ब (कार्बन), सोबत बऱ्यापैकी कॅल्शियम आणि थोडी सूक्ष्म अन्नद्रव्यं. कॅल्शियम एकदा पानात बसलं की झाडाला ते परत हलवता येत नाही, म्हणून ते पानातच राहतं.

त्यामुळे फक्त पाल्याच्या भरवशावर टोमॅटो, वांगी, मिरची भरघोस येत नाहीत. त्यांना कंपोस्ट किंवा शेणखत लागतंच. पाला मातीला वेगळं काहीतरी देतो: ती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, उन्हात कमी तापते आणि तिच्यातल्या जिवांना खायला मिळतं. माझ्या मते हे देणं खताइतकंच मोलाचं आहे, कारण घट्ट, निर्जीव मातीत घातलेलं खतही मुळांना नीट पोचत नाही.

कच्चा पाला थेट मातीत मिसळला तर काय बिघडतं?

झाडं पिवळी पडतात, वाढ थांबते. कारण समजून घेण्यासारखं आहे. पाला कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कर्बाबरोबर नत्रही लागतं, दर २४ भाग कर्बाला साधारण १ भाग नत्र. कोरड्या पाल्यात हे प्रमाण ४० ते ८० भागांना १ असं असतं, लाकडाच्या भुशात तर ३०० च्याही वर. कमी पडलेलं नत्र सूक्ष्मजीव आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि मुळांच्या वाट्याला काही उरत नाही. पाला पूर्ण कुजला की ते नत्र पुन्हा मोकळं होतं, पण तोवर तुमचा हंगाम हातचा गेलेला असतो.

तोच पाला मातीच्या वर अंथरला तर ही ओढाताण फक्त पाला आणि माती जिथे टेकतात त्या पातळ पट्ट्यात होते. मुळं त्याच्या खाली असतात, त्यांना झळ पोचत नाही. उलट त्या पट्ट्यात नत्र कमी असल्याने तणाची रोपटीही तिथे नीट जोर धरत नाहीत.

मिसळायचाच असेल तर वाफा रिकामा असताना मिसळा, वरून ताजं शेणखत किंवा हिरवा पाला घाला, ओल ठेवा आणि दोन-तीन महिने काही लावू नका.

वाफ्यावर थर किती जाड असावा?

चुरलेला पाला असेल तर ५ ते ८ सेंटिमीटर, अख्खी पानं असतील तर १० पर्यंत. काही आठवड्यांत तो बसून निम्मा होतो. रोपाच्या खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर. बुंध्याला टेकवून पाल्याचा ढीग लावलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. दिसायला तो नीटनेटका वाटतो, पण साल सतत ओली राहते आणि आतून कुजायला लागते.

नुकतंच बी पेरलेल्या जागेवर जाड थर नको. रोपं वीतभर वाढली की मग त्यांच्या मधल्या जागेत पाला सरकवा.

आणि कुंडीत?

दोन-तीन सेंटिमीटर पुरे, तोही चुरलेला. कुंडीत अख्खी मोठी पानं एकावर एक चिकटून झाकणासारखी बसतात. वरून घातलेलं पाणी त्यांच्यावरून घरंगळत काठाशी जातं आणि कुंडीच्या भिंतीलगत सरळ खाली उतरतं. मधली माती कोरडीच राहते. वर ओलं दिसतं म्हणून आपण निर्धास्त असतो आणि झाड मान टाकतं. म्हणून आच्छादन घातलेल्या कुंडीत पाणी घालण्याआधी बोट घालून खालची माती चाचपायची. वरच्या पाल्यावरून अंदाज करू नका, दोन्ही बाजूंनी फसगत होते: वरचा पाला वाळलेला असूनही खाली भरपूर ओल असते असंही पुष्कळदा घडतं.

निवडुंग, कोरफड आणि तत्सम मांसल झाडांच्या कुंडीत पाला घालूच नका. त्यांच्या मानेशी कोरडं राहायला हवं. तिथे बारीक खडी बरी.

मोठ्या कुंडीच्या तळाशी काटक्या आणि पाला भरून वर माती घातली तर चालतं का? माती वाचते, वजनही कमी होतं.

तुम्ही त्यात काय लावणार यावर आहे. एका हंगामाची भाजी किंवा फुलझाडं असतील आणि कुंडी गुडघ्याएवढी खोल असेल तर खालचा एक तृतीयांश भाग काटक्या-पाल्याने भरायला हरकत नाही. मोठ्या उंच वाफ्यांच्या तळाशी ओंडके पुरण्याची पद्धत आहे, तीही याच धर्तीची. तिथे ओंडके वर्षानुवर्षं हळूहळू कुजतात आणि पावसाचं पाणी शोषून धरतात.

पण लिंबू, जास्वंद, गुलाब असं कायमचं झाड लावणार असाल तर हे करू नका. तळचा पाला कुजला की जागा रिकामी होते, माती खचते आणि तिच्यासोबत अख्खं झाड खाली बसतं. वरून माती टाकून ते भरून काढलं तर खोड मातीत गाडलं जातं. शिवाय हवा न मिळता कुजणाऱ्या ओल्या पाल्याला आंबूस वास येतो आणि तिथवर पोचलेली मुळं काळी पडतात. लहान कुंडीत तर प्रश्नच नाही. तिथली प्रत्येक मूठ मुळांना हवी असते.

निचऱ्यासाठी तळाशी दगड, खापऱ्या, शेंगांची टरफलं घालावीत का?

निचरा त्याने सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच थांबतं. म्हणजे चिखलाचा जो पट्टा एरवी कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढाच हेतू असेल तर भोकावर एखादं मोठं वाळकं पान किंवा जाळीचा तुकडा ठेवा. पान कुजेपर्यंत माती आणि मुळं एकमेकांना धरतात. निचरा हवा असेल तर सगळ्या मातीतच भरड घटक मिसळावे लागतात.

पाल्यापासून पानमाती कशी करायची?

हा माझा सगळ्यात आवडता विषय, म्हणून सविस्तर सांगते. पानमाती म्हणजे फक्त पानं कुजून झालेली काळी, हलकी माती. ती कंपोस्टसारखी गरम होऊन बनत नाही. इथे मुख्य काम बुरशीचं असतं, आणि बुरशी थंडपणे, सावकाश काम करते. त्यामुळे ढीग उलटापालटा करायची फारशी गरज पडत नाही.

तारेची जाळी गोल करून साधारण मीटरभर रुंद आणि मीटरभर उंच पिंजरा करा. याहून लहान ढीग लवकर वाळतो. तळाला काही घालू नका, थेट जमिनीवर ठेवा, म्हणजे गांडुळं आणि बाकीचे जीव खालून वर येतील. पाला भरताना वीतभर थर झाला की पाणी शिंपडा आणि पायाने हलके दाबा. सुरुवातीला कोरडी पानं पाणी झटकून टाकतात, त्यामुळे वरवर शिंपडून भागत नाही. पाला मुठीत धरून पिळला तर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकी ओल हवी. जागा नसेल तर जाड पिशवीत ओला पाला भरा, पिशवीला चार-सहा भोकं पाडा, तोंड सैल बांधा आणि सावलीत ठेवून द्या.

लागणारा वेळ पानावर आणि हवेवर ठरतो. उबदार, दमट हवेत पातळ पानं सहा महिन्यांत तयार होतात. जाड, चिवट पानांना दीड-दोन वर्षं लागू शकतात. आधी चुरली तर वेळ बराच वाचतो. वाळलेला पाला पोत्यात भरून पायाने तुडवणं हा सगळ्यात सोपा उपाय.

ढीग अर्धवट झाला की बाजूने हात घालून पाहा. वरची पानं अजून तपकिरी, कडक असतात. त्याखाली ती मऊ, गडद आणि एकमेकांना चिकटलेली लागतात. सोडवायला गेलं तर मधे पांढरे तंतू ताणले जातात. आणखी खाली काही पानांची नुसती जाळी उरलेली असते, शिरांची, आरपार दिसणारी. आणि अगदी तळाशी पान ओळखूच येत नाही, पावसानंतर जमिनीला येतो तसा वास येतो. ते तळचं तुमचं. चाळून घ्या, जाडंभरडं पुन्हा ढिगात टाका.

ढीग बसून चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे हाती थोडंच लागतं. ते कुंड्यांसाठी राखून ठेवा. कुंडीच्या मिश्रणात पाव ते एक तृतीयांश पानमाती उत्तम. त्यात अन्नद्रव्यं फार नसल्याने ती बी रुजवायलाही चांगली, कोवळ्या मुळांना जाळत नाही. पूर्ण कुजलेली असल्याने नत्राची ओढाताणही होत नाही.

कोणत्या झाडाचा पाला चांगला?

बारीक पर्णिकांचा सगळ्यात चांगला: गुलमोहर, शिरीष, चिंच, सुबाभूळ, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). ही सगळी शेंगाकुळातली झाडं आहेत, त्यांच्या पाल्यात इतरांपेक्षा नत्र जास्त असतं आणि पानं इतकी बारीक की चुरायचं कामच नाही. कुंडीवर थेट भुरभुरता येतात. सुबाभळीच्या शेंगा मात्र आधी वेचून काढा, नाहीतर वाफाभर रोपं उगवतील.

आंबा, फणस, वड, पिंपळ, बदाम यांची पानं जाड किंवा चिवट. अख्खी वापरू नका, चुरून वाफ्यावर टाका. ती हळू कुजतात हा आच्छादन म्हणून गुणच आहे, कारण थर जास्त टिकतो. सागाची पानं एवढी मोठी असतात की दोन-चार पानांनी कुंडी बंद होते. ती तुकडे करूनच वापरायची. बांबूच्या पानांत सिलिका पुष्कळ असते, त्यामुळे ती सावकाश कुजतात, पण थर हलका आणि हवेशीर राहतो. झाडाझुडपांमधल्या पायवाटेवर बांबूचा पाला मला फार आवडतो. कडुनिंबाचा पालाही चालतो, तोही पातळ आणि लवकर मोडणारा.

शक्य असेल तर एकाच झाडाचा न घेता मिश्र पाला घ्या. लहान-मोठी पानं एकत्र असली की थर चिकटत नाही.

निलगिरी आणि अक्रोड यांचा पाला विषारी असतो का?

निलगिरीच्या ताज्या पाल्यातलं तेल आणि इतर द्रव्यं बी रुजण्यात अडथळा आणतात. पाऊस-पाण्यात काही महिने भिजत पडलेला पाला बराच निरुपद्रवी होतो. तोवर पायवाटेवर किंवा जुन्या मोठ्या झाडांखाली वापरा, बियाण्याच्या वाफ्यावर नको. अक्रोडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, टोमॅटो आणि त्याच्या कुळातली झाडं त्याने सुकतात. हवा, ओल आणि सूक्ष्मजीव मिळाले की कंपोस्टमध्ये पानांतलं जुग्लोन काही आठवड्यांत मोडतं.

कण्हेरीचा पाला माणसाला आणि जनावरांना विषारी आहे. नीट कुजल्यावर ते विष मोडतं, पण लहान मुलं किंवा गुरं फिरतात तिथे कच्चा पाला आच्छादन म्हणून अंथरू नका. आणि तो जाळू तर अजिबात नका, धूरही घातक असतो.

सुरू किंवा पाइनच्या सुयांनी माती आम्लधर्मी होते म्हणतात, खरं का?

ताज्या सुया आम्ल असतात, पण कुजताना ती आम्लता बरीचशी निघून जाते. वरून अंथरल्याने मातीच्या सामूत (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क पातळीत) लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. उलट सुया एकमेकांत अडकून राहतात, वाऱ्याने उडत नाहीत, पाणी आरपार जाऊ देतात. उतारावरच्या वाफ्यांना यासारखं आच्छादन नाही.

पाल्याखाली पांढरी बुरशी दिसते. झाडाला रोग लागेल का?

सहसा नाही. ती बहुतेक वेळा मेलेला पाला खाणारी बुरशी असते, जिवंत झाडाला ती हात लावत नाही. ती दिसली म्हणजे काम नीट चाललं आहे. कधी पाल्यावर पिवळा, फेसासारखा गोळा येतो, कधी लहान छत्र्या उगवतात. त्याही काही दिवसांत आपोआप जातात, फक्त खायच्या नाहीत. कुंडीत बुरशी फारच वाढली तर थर हलवून मोकळा करा आणि पाणी जरा कमी करा.

कोरडा, बुरशी लागलेला जुना ढीग उपसायचा असेल तर आधी पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. उडणारे बीजाणू दमा असलेल्यांना त्रासदायक ठरतात.

रोगट पानं वापरावीत का?

ज्या झाडाला रोग आहे त्याच झाडाखाली किंवा त्याच्या जातभाईंखाली नको. गुलाबावरचे काळे ठिपके गळलेल्या पानावर टिकून राहतात आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पुन्हा वर चढतात. पण पानांवर ठिपके पाडणाऱ्या बहुतेक बुरश्या ठरावीक झाडांपुरत्या असतात, त्यामुळे आंब्याच्या पानावर डाग दिसले म्हणून तो पाला मिरचीच्या वाफ्यातूनही बाद करायची गरज नाही.

गरम कंपोस्टमध्ये ५५ अंश सेल्सिअसच्या वर सलग तीन दिवस काढले की बहुतेक रोगजंतू मरतात. मात्र घरगुती ढिगाच्या कडा एवढ्या तापत नाहीत, ढीग उलटून बाहेरचं आत घ्यावं लागतं. मर रोगाने सुकलेली झाडं आणि विषाणूने आकसलेली पानं बागेत ठेवूच नका.

गळून पडलेली फळं?

आच्छादनात नकोत. किडक्या फळातल्या फळमाशीच्या अळ्या बाहेर येऊन मातीत शिरतात, तिथे कोष करतात आणि पुढच्या फळांवर नव्या माश्या येतात. पडलेली फळं रोज वेचा, जाड पिशवीत घट्ट बंद करून काही दिवस कडक उन्हात ठेवा, मग कंपोस्टमध्ये घाला. फुलं मात्र निर्धास्त वापरा. ती पातळ, मऊ असतात आणि चटकन कुजतात.

कापलेलं गवत आणि उपटलेलं तण चालेल का?

गवतात नत्र भरपूर असतं, पण ताजं गवत जाड थराने टाकलं तर त्याचा चिकट, तापलेला, दुर्गंधी लगदा होतो. दिवसभर वाळवा, मग बोटभर थर द्या. किंवा एक भाग गवताला दोन-तीन भाग कोरडा पाला मिसळून कंपोस्ट करा, दोघांची उणीव भरून निघते. ज्या हिरवळीवर तणनाशक मारलं आहे तिथलं गवत घेऊ नका. काही तणनाशकं कंपोस्टमध्येही महिनोन्‌महिने टिकतात आणि मग टोमॅटो, वाल, वाटाणा यांची पानं वेडीवाकडी होतात. तण फुलावर येण्याआधी उपटलेलं असेल तरच वापरा.

काटक्या आणि फांद्यांचं काय करायचं?

बोटभर जाडीच्या सरळ काटक्या वेलींना आधार म्हणून. फाटे असलेल्या वाटाण्याला अधिक बऱ्या, तणावे धरायला जागा मिळते. पेन्सिलीएवढ्या काटक्या तोडून पाल्यावर आडव्या-उभ्या टाकल्या की वाऱ्याने पाला उडत नाही आणि मांजरी व पक्षी तो उकरत नाहीत. जाड ओंडके वाफ्याच्या कडेला.

शेवगा, पांगारा, गिरिपुष्प यांच्या ताज्या फांद्या आधार म्हणून खोचू नका, त्यांना फुटवे येतात आणि तिथे झाड उभं राहतं. आधी महिना-दोन महिने वाळू द्या.

नारळाच्या झाडाखाली पडतं ते सगळं वापरता येईल?

हो. शेंड्या आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, त्यांत सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. नंतर त्या सोडवून कुंडीवर पसरा. ओल सावकाश सोडतात. झावळ्या बारीक तुकडे करून वाफ्याच्या कडांना लावा. करवंट्या लवकर कुजत नाहीत, ठेवल्या तर पालथ्या ठेवा.

पाल्याने वाळवी, गोगलगाई, डास, विंचू येतात का?

येऊ शकतात, म्हणून जागा पाहून वापरा. घराच्या भिंतीला, लाकडी चौकटीला लागून पाला किंवा ओंडके ठेवू नका. हातभर तरी अंतर सोडा. गोगलगाई दमट थराखाली दिवसा लपतात. कोवळी रोपं असतील तिथे थर पातळ ठेवा आणि सकाळी एखादी फळी किंवा मोठं पान उचलून खाली बसलेल्या वेचून काढा. डास पाल्यात होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. पोफळीच्या झापांत, बांबूच्या आवरणांत आणि उताण्या करवंट्यांत पाणी साठतं, ते ओतून द्या. जुन्या ढिगात हातमोजे न घालता हात घालू नका, आधी काठीने हलवा.

पाला जाळून राख घातली तर लवकर काम होत नाही का?

लवकर संपतं, एवढंच. कर्ब आणि नत्र धुरात जातात, पोटॅश आणि चुनखडीसारखे क्षार उरतात. राख अल्कधर्मी असते. कुंडीत मूठभर पडली तरी सामू वर जातो आणि लोहाच्या कमतरतेने कोवळी पानं पिवळी पडतात. धुरातले सूक्ष्म कण शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या छातीत जातात. पाला जाळू नका ही माझी कळकळीची विनंती आहे.

रस्त्याच्या कडेचा किंवा जंगलातला पाला आणू का?

वर्दळीच्या रस्त्याकडचा पाला शोभेच्या झाडांना ठीक, खायच्या भाज्यांना टाळा. प्लास्टिक आणि काचा निवडून घ्या. जंगलातला आणू नका. तिथली माती त्याच पाल्यावर जगते.

आच्छादन किती दिवसांनी बदलायचं?

बदलायचं नसतं. वाफ्यात खालचा थर आपोआप मातीत जातो. गांडुळं पानं टोकाकडून धरून बिळात ओढतात, चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या गांडुळांवरच्या ग्रंथात याचं बारकाईनं वर्णन आहे. माती दिसू लागली की वरून नवा थर टाका. कुंडीत ओढून नेणारं कोणी नसतं, तिथे दर दोन-तीन महिन्यांनी वरचा थर बाजूला करून पाहा. खालचा काळा, कुजलेला भाग मातीच्या वरच्या सेंटिमीटरभरात हलक्या हाताने कालवा, न कुजलेला परत वर ठेवा आणि कमी पडेल तेवढा ताजा चुरा घाला. मुसळधार पाऊस सतत लागून राहिला असेल, तर तेवढे दिवस कुंडीवरचा थर काढून ठेवला तरी चालतो.